ठकूबाईची कणगी

भाविकहो, जरा सावरून बसा. आजची कथा पोटाची आहे. भरल्या पोटी पोटाची कथा ऐकली की माणसाला ती हलकी वाटते. तशी ऐकू नका.

बेटवाडी नावाचं चाळीस उंबऱ्यांचं एक गाव होतं. तिवरी नदी गावाच्या वरच्या अंगाला फुटायची, दोन्ही कडांनी वाहून खाली पुन्हा एक व्हायची. एरवी दोन्ही धारांना गुडघाभर पाणी. पण नदी फुगली की गाव मधल्यामध्ये अडकून पडायचं. अशा त्या गावात एका चैत्रात भस्मगिरी महाराज आले आणि महादेवाच्या टेकाडावर धुनी लावून बसले. बोलणं अगदी बेताचं. कुणी दर्शनाला आलं की धुनीतला चिमूटभर अंगारा कपाळाला लावायचे आणि पुन्हा डोळे मिटायचे. तेवढ्यानंही लोकांना बरं वाटायचं.

त्याच टेकाडाच्या उतारावर ठकूबाईचं खोपट होतं. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. चार घरची दळणकांडणं करायची, मजुरी म्हणून पायलीमागे ओंजळभर ज्वारी मिळायची, त्यावर तिचं चालायचं. त्या वर्षी तिची लेक कौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. दिवस भरायचे होते भादव्यात. ठकूबाईच्या आईलाही पहिलंच बाळंतपण भादव्यात आलं होतं, आणि त्या वर्षीच्या पुरात उपासानं तिचं दूध आटून ठकूबाईचा थोरला भाऊ गेला होता. ही गोष्ट तिनं लहानपणापासून ऐकलेली. ती धास्ती घेऊनच ती महाराजांकडे गेली, पायाशी बसली आणि म्हणाली, "महाराज, माझ्या लेकीचं तेवढं सुखरूप होऊ द्या. अंगारा द्या."

महाराजांनी विचारलं, "घरात रोज किती शिजतं?"

दोन वेळा भाकरी, कधी एकच वेळ, असं तिनं खरं ते सांगितलं.

"त्यातली एक मूठ काढ," महाराज म्हणाले. "चूल पेटवायच्या आधी काढ. उरल्यावर काढीन म्हणशील तर जन्मात उरणार नाही."

आणि त्यांनी चिमूट नाही, पाटीभर राख तिच्या पुढ्यात ओतली! ज्वारीत मिसळ म्हणाले. ठकूबाई बिचारी गोंधळली. अंगारा तर कपाळाला लावतात. तिनं तसं विचारलंही. महाराज हसले. "कपाळाला कीड लागत नाही, बाई. ज्वारीला लागते."

मग त्यांनी तिला सगळं नीट समजावलं. महागामोलाचं काही आणू नकोस, जे रोज खातेस तेच ठेव. आधी चार दिवसांचं होऊ दे, मग आठांचं, मग बघू. मिठाचं मडकं वेगळं भर, भाजी स्वस्त असेल तेव्हा वाळव, गोवऱ्या माळ्यावर चढव. ठकूबाईनं निरगुडीचे फोक आणले, स्वतःच्या हातानं धान्याची कणगी विणली, शेणामातीनं लिंपली आणि तीन दगडांवर उभी केली. कणगीच्या बुडाशी एक भोक, त्याला चिंध्यांचा बोळा. नवं वरून टाकायचं, जुनं खालून काढून खायचं, म्हणजे धान्य पडून राहत नाही. कधी मूठ काढणं तिच्या जिवावर यायचं, कारण ती मूठ म्हणजे तिचीच अर्धी भाकरी असायची. पण तिनं एक दिवस चुकवला नाही.

आता गावाचे पाटील सुभानराव. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. हात सैल, दारातून कुणी विन्मुख जायचं नाही. पण आपल्यावाचून गावाचं पान हलत नाही हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यांच्या अंगणाखाली आजोबांनी खणलेलं पेव होतं, जमिनीच्या पोटातलं धान्याचं कोठार. ठकूबाई डोक्यावर राखेची पाटी घेऊन निघाली की पाटील टेकाडाखालच्या पारावरून हाक मारायचे, "काय ठकूबाई, आज राखेच्या भाकरी का? आमच्या पेवात गाव बसेल, आणि तू मुठी मोजत बस." पारावरची मंडळी खो खो हसायची. तिला 'राखवाली' हे नाव तिथंच पडलं. ठकूबाई खाली मान घालून जायची, आणि घरी जाऊन रडायची.

आषाढात महाराज स्वतः पाटलांच्या दारी गेले. टेकाड सोडून ते कुणाकडे गेले नव्हते, म्हणून गाव गोळा झालं. महाराज म्हणाले, "पाटील, पेव तीन वर्षं उघडलेलं नाही. उघडीप आहे तोवर उघडून बघा." पाटलांना तो अपमान वाटला. आजोबांचं पेव आहे महाराज, त्याला काय होतंय, असं म्हणून त्यांनी अंगारा मागून घेतला, पेवाच्या तोंडावरच्या शिळेला फासला आणि हात झटकले. महाराज परत गेले.

भादवा लागला. वरच्या डोंगरात चार दिवस पाऊस कोसळला आणि पाचव्या दिवशी सकाळी तिवरी दोन्ही अंगांनी गावात शिरली. खालची घरं गेली, गुरं गेली, लोकांची उतरंडीतली पीठं चिखलात कालवली. माणसं पाटलांच्या उंच जोत्यावर आणि महादेवाच्या टेकाडावर येऊन बसली. त्याच दिवशी दुपारी ठकूबाईच्या खोपटात कौसा बाळंत झाली. मुलगी झाली. ठकूबाईनं कणगीचं झाकण शेणमातीनं लिंपून बंद केलं आणि लेकीला पहिली पेज पाजली.

पुराच्या तिसऱ्या दिवशी लोकांच्या पोटात आग पडली तेव्हा पाटील उभे राहिले. पेव उघडतो म्हणाले, आणि लोकांनी त्यांचा जयजयकार केला. शिळा सरकवली. पेवात उतरायच्या आधी दिवा सोडून बघायची रीत आहे. आत हवा कोंदलेली असेल तर दिवा विझतो, मग दिवसभर पेव उघडं ठेवायचं. सटवा म्हणून पाटलांकडे वीस वर्षं राबलेला गडी होता, त्यानं दोरीनं दिवा सोडला. दिवा विझला. पुन्हा सोडला, पुन्हा विझला.

सटवा म्हणाला, "पाटील, दिवा धरत नाही."

सगळं गाव बघत होतं. पाटील म्हणाले, "वारा सुटलाय रे. उतर तू."

सटवा उतरला. दोन खेपा हाक मारली तरी ओ आली नाही. गळ टाकून त्याला वर ओढला तेव्हा तो निळा पडला होता. आणि त्याच्या अंगाला चिकटून जे दाणे वर आले ते काळे होते, मोड येऊन कुजलेले. पेवात पाणी कधीचं झिरपत होतं. तो आंबूस वास गावभर पसरला. सटवाची बायको तिथंच बसून राहिली, तिला रडताही येईना. पाटील घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

दार ठकूबाईनंही लावून घेतलं होतं. खोटं कशाला बोला! तिच्या कणगीत मायलेकींना महिनाभर पुरेल एवढं होतं, आणि दाराबाहेर चाळीस घरं उपाशी होती. ती हळूच पेज करायची, धूर दिसू नये म्हणून छपराच्या फटीत चिंधी कोंबायची. पण सटवाची पोरं तिच्या भिंतीशीच टेकून बसलेली. ती रडायची, आणि ठकूबाई हातातली पेज तशीच खाली ठेवायची. पाचव्या दिवशी ती टेकाडावर गेली.

"महाराज, मी दार लावून घेतलंय," ती म्हणाली. "मला लाज वाटते. पण उघडलं तर माझी कौसा उपाशी मरंल. तिचं दूध आटंल. माझ्या आईचं आटलं तसं."

महाराज म्हणाले, "तिची मूठ आधी काढ. ती कुणाला देऊ नकोस, मी मागितली तरी देऊ नकोस. मग बोळा काढ आणि येईल त्याला वाढ. वरचं झाकण मात्र पाणी उतरेपर्यंत उघडू नकोस."

ठकूबाई घरी आली. लेकीची मूठ काढली, वेगळी ठेवली. मग देवाचं नाव घेऊन दार उघडलं आणि बोळा काढला. ज्वारी खाली सुपात आली, राखेनं माखलेली, पण खडखडीत कोरडी. राख पाखडली, कण्या भरडल्या, देवळातल्या काहिलीत पेज शिजवली. माणशी एक पळी. सटवाच्या घरची पळी तिनं पहिली वाढली. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. तिला हिशेब कळत होता हो! एवढ्या माणसांना ती कणगी एक दिवसही पुरायची नव्हती. रोज बोळा काढताना ती डोळे मिटायची, आणि रोज सुपात ज्वारी उतरायची.

आठव्या दिवशी रांगेच्या शेवटी पाटील उभे होते. डोक्याला पागोटं नाही. ठकूबाईनं पळी भरली, तर ते म्हणाले, "मला नको. आईला दे." पारावरचं ते हसणं ठकूबाईच्या कानात होतं, आणि ओठांवर काहीतरी आलंही होतं. ते तिनं गिळलं आणि दोन पळ्या वाढल्या.

अकराव्या दिवशी पाणी उतरलं. पलीकडच्या गावांतून गाड्या आल्या. महाराज टेकाडावरून खाली आले आणि म्हणाले, "पाटील, तुम्हीच झाकण उघडा."

लिंपण अभंग होतं. पाटलांनी ते विळ्यानं फोडलं, झाकण उचललं आणि आत वाकून बघितलं. कणगी भरलेली होती. वरच्या राखेवर ठकूबाईनं शेवटची मूठ टाकून हात फिरवला होता, त्या पाच बोटांच्या रेघा जशाच्या तशा होत्या. एक दाणा हलला नव्हता.

पाटील महाराजांच्या पायांवर पडले आणि लहान पोरासारखे रडले. "महाराज, एवढं केलंत. माझा सटवा परत आणा."

महाराजांचेही डोळे भरून आले. ते म्हणाले, "ते माझ्या हातात असतं, तर आषाढात तुझ्या दारी कशाला आलो असतो?"

पाटील उठले, सटवाच्या बायकोपुढे गेले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं त्यांना उठा म्हटलं नाही. मग ते ठकूबाईकडे वळले. ती मागं सरकत भिंतीला टेकली, नको नको म्हणाली, तरी ते वाकलेच. तिनं विचारलं, "पाटील, आता काय करणार?" पाटलांनी कोपऱ्यातली तिची रिकामी पाटी उचलली, धुनीवर जाऊन राखेनं भरली, स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि गावातलं पहिलं दार ठोठावलं.

बेटवाडीत अजूनही चूल पेटवायच्या आधी मूठ काढतात. लेकरंही विचारतात, ही मूठ कुणाची? आया सांगतात, सटवाची.