मठाखालचा व्हाळ

"पण बाबा, तुम्ही पाण्यावर यायचंच का सोडलंत?"

भिकाजी गवसानं हे तिसऱ्यांदा विचारलं, जरा रागावूनच. पूल नि मोऱ्या बांधण्यात त्याची हयात गेली होती. मठाखालून वाहणारा व्हाळ मात्र त्यानं गुरूसाठी बांधला होता, मनापासून. सोमनाथबाबा पाय घसरून पडले, महिनाभर अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यानं पाण्यातले सगळे धोंडे उचलून नेले. तळाला काँक्रीट घातलं, काठाला पायऱ्या, धरायला लोखंडी कठडा.

त्याला दोन वर्षं झाली. बाबा एकदाही पायरी उतरले नव्हते.

"काही चुकलं का माझं?"

बाबांनी खाली व्हाळाकडं बघितलं.

"तिथं मळ्या असायचा," ते हळूच म्हणाले.

भिकाजीला आठवलं. बोटाएवढा मासा. धोंड्याला पोट चिकटवून भर धारेत बसायचा. बाबा पाण्यात पाय सोडून बसले की टाचांना लुचायचा, आणि बाबा एकटेच हसायचे.

"एवढंच ना? आणतो की."

दुसऱ्या दिवशी तो स्वतः डोंगर चढला. साठीच्या वयात, कमरेएवढ्या पाण्यात, धोंड्यांखाली चाचपडत त्यानं मासे धरले. दुपारी कळशीत अकरा मळ्या घेऊन आला. बाबांना हाताला धरून पायऱ्यांपाशी नेलं, पाण्यात उतरला आणि कळशी कलती केली.

मासे धारेला तोंड करून थांबले. फट शोधत इकडं सरकले, तिकडं सरकले. गुळगुळीत तळावर कुठंच काही नव्हतं. पाणी उथळ, उन्हानं तापलेलं. एकेक करून ते वाहून गेले.

शेवटचा एक भिकाजीच्या पावलाच्या आडोशाला आला.

पाय हलवायची त्याची छाती होईना. तो तसाच उभा राहिला... किती तरी वेळ. पायाला मुंग्या आल्या. पाऊल जरासं हललं.

मासा गेला.

"तुम्ही पुन्हा पडू नये म्हणून केलं हो, बाबा."

"ठाऊक आहे रे."

"फोडून टाकतो हे सगळं. धोंडे परत आणतो. आहेत सगळे, माझ्याच कुंपणाला लावलेत."

बाबा एकेक पायरी उतरून खाली आले. त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आण... पण कुठला धोंडा कुठं होता, ते कुणाला विचारशील?"