डिकीतलं यंत्र

फलटणच्या पिसाळकाकांनी आपल्या ट्रकांच्या नव्या टायरसाठी ठेवलेले पैसे डिझेल वाचवणाऱ्या यंत्रांवर उधळायचं ठरवलं, कारण विकणारे भडकमकर फाडफाड इंग्रजी बोलत होते.

‘‘काका, गुळगुळीत टायरवर घाट उतरायचा का? आधी एकाच ट्रकला लावून बघू,’’ पुतणी अश्लेषा म्हणाली.

‘‘कालची पोरगी तू, तुला काय कळतंय!’’ म्हणत काकांनी एक यंत्र तिच्याकडे दिलं.

महिनाभरात हणमंत ड्रायव्हरचा ट्रक लिटरला अर्धा किलोमीटर जास्त पळाला. भडकमकर फुलले. ‘‘याला विज्ञान म्हणतात, बाळ. पटलं ना आता?’’

‘‘पटलं की! फक्त ते विज्ञान महिनाभर माझ्या स्कूटीच्या डिकीत पडून होतं. आणि स्कूटीचं ॲव्हरेज आहे तेवढंच आहे.’’

काका गोंधळले. ‘‘मग ट्रकचं कसं वाढलं गं?’’

‘‘यंत्र बसवलंय, रोज डिझेल मोजणार, एवढंच मी हणमंतदादांना सांगितलं. त्यांनी ॲक्सिलरेटर जपून दाबला. डिझेल त्यांच्या पायानं वाचवलं, काका.’’

काकांनी मुकाट्यानं टायरवाल्याला फोन लावला. भडकमकरांना चहासुद्धा विचारला नाही.