मोजणीच्या दिवशी कुणी कण्हायचं नाही

एकदा एका राजाला सुबुद्धी सुचली. राजांना ती क्वचित सुचते, आणि सुचली की पहिली धावपळ प्रजेची होते, हा माझा नव्हे, जगाचा अनुभव आहे.

या राजाने डोंगरदऱ्यांतून बावीस आरोग्यशाळा बांधल्या होत्या. दरवर्षी सगळ्यांना सारखंच धान्य जाई, सारख्याच औषधी जात. मग तिथली माणसं मरमर राबोत की दाराशी बसून पानसुपारी खावोत. राजाने ठरवलं, यापुढे जशी सेवा तसं अनुदान. प्रधान म्हणाला, "महाराज, उद्या कोण पुढे गेलं हे कळायला आज कोण कुठे उभं आहे ते ठाऊक हवं. आधी मोजणी करा, मग थैली उघडा." बोलणं रास्त होतं. मोजणीचं काम एका वृद्ध वैद्यांकडे आलं. वय ऐंशीच्या घरात, एका कानाने ठार बहिरे. लोक त्यांना वैद्यबुवा म्हणत.

बुवांचा शिष्य तिशीचा होता. कामाला वाघ, मनाने निर्मळ, फक्त स्वतःच्या अक्षरावर जरा जास्तच खूश. त्याने एकशे चार प्रश्नांची यादी तयार केली. खाटा किती, चादरी स्वच्छ आहेत का, प्रत्येक खाटेखाली थुंकी-घाणीचं पसरट तस्त ठेवलेलं आहे का, पाणी गाळून ठेवतात का, महिन्यात मृत्यू किती. शेवटी रुग्णालाच विचारायचा प्रश्न होता, 'इथे तुमची काळजी घेतात का?' ही यादी त्याने महिनाभर आधी बावीसही ठिकाणी धाडून दिली.

"प्रश्न आधीच पाठवलेस?" बुवांनी विचारलं.

"हो गुरुजी. कुणाची फसगत नको. न्याय म्हणून काही आहे की नाही?"

"हं," एवढंच बुवा म्हणाले.

यादीच्या आधी अफवा पोचते, हे शिष्याला ठाऊक नव्हतं. जी आरोग्यशाळा मोजणीत नापास होईल तिला राजा कुलूप लावणार, अशी आवई डोंगरभर उठली होती. राजाच्या मनातही तसं नव्हतं. पण मनातलं कोण वाचतो?

सहावी आरोग्यशाळा एका खोलगट दरीत होती. तिथून दुसरी गाठायची तर चार दिवसांची वाट. गुरुशिष्य पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. लख्ख दुपार, आणि तरीही दरीत शिरताच शिष्याच्या मानेवर शहारा आला. का, ते त्याला कळेना. दारापाशी पोचल्यावर उमगलं. आवाज नव्हता. वीस खाटांची आरोग्यशाळा, आणि आतून खोकला नाही, कण्हणं नाही, भांड्याला भांडं लागल्याचा आवाज नाही. काढ्याचा वाससुद्धा नव्हता. चूल सारवून, पुसून, रांगोळी घालून ठेवली होती.

दारात मुख्य सेविका उभी होती. पन्नाशीची, रुंद हाताची बाई. पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. सगळे तिला आक्का म्हणत. "यावं," ती म्हणाली आणि हसली. ते हसू काही केल्या तिच्या चेहऱ्यावरून उतरेना.

आत दोन्ही भिंतींना दहा दहा खाटा. त्यांतली एक रिकामी होती, बाकी एकोणीस भरलेल्या. एकोणीस पांढऱ्याशुभ्र चादरी, एकोणीस माणसं उताणी, सरळ, दोन्ही हात छातीवर. शिष्याने पाऊल आत टाकलं तशा अडतीस डोळ्यांच्या बाहुल्या एकदम त्याच्याकडे वळल्या. माना मात्र हलल्या नाहीत.

"काय ही शिस्त!" शिष्य हरखून म्हणाला. मी त्याच्या जागी असतो तर आल्या पावली पळालो असतो. पण हातात यादी असली की माणसाला भीतीही शिस्तीसारखी दिसते, त्याला काय करणार!

त्याने पहिल्या खाटेशी उभं राहून विचारलं, "आजोबा, इथे तुमची काळजी घेतात का?"

"इथे आमची, फार चांगली काळजी घेतात," म्हातारा म्हणाला. 'आमची' नंतर जरासा थांबला आणि हसला.

दुसऱ्या खाटेवर तरणा गडी होता, पाय मोडलेला. "इथे आमची, फार चांगली काळजी घेतात." तोच थांबा, तेच हसू. तिसऱ्या खाटेवर एक कोवळी मुलगी. तेच शब्द, तोच थांबा. चौथीवरही तेच. शिष्य खुणा करत चालला होता. अक्षर सुरेख येत होतं.

त्या शांततेत कुठेतरी पाण्याचा थेंब पडत होता. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग टप्. कोपऱ्यात गाळणीचे माठ एकावर एक मांडलेले शिष्याने लांबूनच पाहिले. 'पाणी गाळून ठेवतात का?' या प्रश्नापुढे त्याने 'होय' लिहून टाकलं. आक्काने त्याची लेखणी पाहिली. तिने नजर वळवली.

अकराव्या खाटेवर एक बाई होती. तिच्या कुशीशी दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ झोपलं होतं. तिचे ओठ पिठासारखे पांढरे पडले होते. तिने विचारायच्या आधीच उत्तर द्यायला सुरुवात केली. "इथे आमची," ती म्हणाली, आणि तिचा थांबा इतरांपेक्षा फार लांबला. "चांगली काळजी घेतात." हसायचं ती विसरली. मग आठवून हसली. शिष्याने लिहिलं, 'रुग्ण अत्यंत शांत.'

इकडे वैद्यबुवा दारातच उभे होते. त्यांनी एकही चादर उचलून पाहिली नाही, एकही प्रश्न केला नाही. डोळे मिटून चांगला कान इकडे तिकडे फिरवत राहिले. टप्. आवाज कुठून येतो ते एका कानाच्या माणसाला उमजेना. ते माठांपाशी गेले, आत हात घातला. माठ कोरडे ठणठणीत होते. मोजणीसाठी घासून पालथे घातलेले आणि पुन्हा रचून ठेवलेले. भरायचं राहूनच गेलं होतं.

टप्.

बुवांचा चेहरा बदलला. ते वळले, अंगरख्यासकट त्या बाराव्या, रिकाम्या खाटेवर आडवे झाले आणि दरी दणाणून जाईल अशा आवाजात कण्हू लागले.

"आई गं! मेलो, मेलो! अरे कुणी आहे का? पोटात आग पडलीय माझ्या!"

शिष्याच्या हातून लेखणी पडली. आक्का धावली. "बुवा, असं काय करताय? श्श! आज मोजणी आहे!" ऐंशी वर्षांचा ज्ञानवृद्ध माणूस, आणि लहान पोरासारखा टाचा घासत भोकाड पसरून रडतोय. शिष्याला वाटलं, उन्हाने गुरुजींच्या डोक्यावर परिणाम झाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला दुखतंय आणि मी ओरडणार!" बुवा ओरडले. "ज्याला दुखतंय त्यानं ओरडावं! बघू मला कोण गप्प करतो!"

क्षणभर सगळं तसंच राहिलं. मग पहिल्या खाटेवरचा म्हातारा खोकला. सकाळपासून कोंडून धरलेला खोकला तो. सुटला तो थांबेचना. पाय मोडलेला गडी "आयाई गं" म्हणून किंचाळला. कोवळी मुलगी हुंदके देऊन रडू लागली. कुणी पाणी मागितलं, कुणी तस्त मागितलं, कुणी नुसत्याच शिव्या दिल्या. तान्हं बाळ दचकून उठलं आणि त्यानेही सूर लावला. आणि त्या कालव्यात अकराव्या खाटेवरची बाई हलकेच म्हणाली, "आक्का, माझं रक्त थांबत नाही गं."

बुवांनी खाली वाकून पाहिलं. तिच्या खाटेखालचं तस्त अर्धं भरलं होतं. खाट विणलेल्या सुंभातून थेंब गळत होता. टप्.

मग मात्र आक्काच्या चेहऱ्यावरचं ते हसू पार उतरलं, आणि खरी आक्का दिसली. तिने पांढरी चादर ओढून फेकून दिली. "गोजरा! अगं भवाने, सांगायचं नाहीस?" असं म्हणत तिने आपला रुंद हात त्या बाईच्या ओटीपोटावर दाबला आणि चोळायला सुरुवात केली. दुसऱ्या हाताने बाळ तिच्या छातीशी लावलं. "चूल पेटवा! पाणी ठेवा! वरच्या फळीवरची काळी पुडी आणा!" रांगोळी विस्कटली, धूर झाला, भांडी आपटली. शिष्य पाण्याच्या कळशा वाहत होता; त्याची यादी कुणाच्या तरी पायाखाली भिजून गेली.

घटकाभराने रक्त थांबलं. गोजराच्या ओठांना लगेच रंग आला नाही, पण तिने पाणी मागितलं आणि पेलाभर प्यायली. आक्का खाटेच्या पायाशी मटकन बसली.

"कधीपासून वाहत होतं?" शिष्याने गोजराला विचारलं.

"सकाळधरनं."

"मग बोलल्या का नाहीत?"

गोजराने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू हा दूधखुळा आहे. "मी बोलले असते तर तुम्ही लिहिलं असतं की दादा. आणि हे बंद झालं तर पुढल्या बाईनं जायचं कुठं?"

बुवा अजून बाराव्या खाटेवरच बसले होते. त्यांनी सुंभावरून हात फिरवला आणि विचारलं, "आक्का, तुमच्याकडे माणसं जमिनीवर झोपतात इतकी गर्दी असते, मी ऐकून आहे. मग ही खाट रिकामी का?"

आक्काने मान वर केली नाही.

"एक म्हातारा मेंढपाळ होता बुवा. दम्याचा. परवा आम्ही तालीम घेतली. कुणी खोकायचं नाही, कण्हायचं नाही, हात छातीवर ठेवायचे, विचारलं की हे बोलायचं. सगळे चुकत होते. हाच तेवढा गप्प पडला होता. मी सगळ्यांना म्हटलं..." तिचा आवाज फाटला. "मी म्हटलं, बघा, शिका जरा त्याच्याकडनं, असं निजायचं. सगळ्यांनी त्याच्याकडे बघून बघून तसे हात ठेवले. तालीम संपली, मी उठवायला गेले, तर गार पडलेला."

उरलेली अठरा माणसं आपापल्या हातांकडे पाहू लागली आणि एकेकाने ते छातीवरून खाली घेतले.

शिष्य म्हणाला, "गुरुजी, मी काय चुकलो? माझे प्रश्न खोटे नव्हते."

"प्रश्न खरेच होते," बुवा म्हणाले. "पण बाळा, नाडी बघताना वैद्याने फार जोरात दाबलं तर नाडी बंद पडते, आणि त्याला वाटतं रुग्ण शांत आहे. तू यायच्या आधी तुझी भीती इथे आली. या माणसांना सेवा येत नव्हती का? पाहिलंस ना आत्ता तो हात? तो हात आपण महिनाभर चादरी धुवायला आणि तालीम घ्यायला लावला. मोजणं वाईट नाही. मोजल्यावाचून राजाला न्याय करता येणार नाही. पण दुखणं निर्भयपणे ओरडू शकेल अशा जागीच मोजणी होते. जिथे कण्हायची चोरी, तिथे तू मोजतोस ती फक्त तुझी स्वतःची दहशत."

"मग या शाळेचं काय लिहू?"

"पाहिलंस ते लिही."

शिष्याने कोरा कागद घेतला. आक्का भिंतीला टेकून उभी राहिली, निकाल ऐकायला उभं राहतात तशी. त्याने लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, कारण सगळ्यांना ऐकायचं होतं. "माठ कोरडे. तस्त अर्धं रक्ताने भरेपर्यंत कुणी पाहिलं नाही. कळल्यावर केलेली सेवा उत्तम. अशी मी राजधानीतही पाहिली नाही. आरोग्यशाळा बंद करू नये, इथे आणखी दोन हात द्यावेत." मग त्याची लेखणी थांबली. "महिन्यात मृत्यू..."

"एक," आक्का म्हणाली. मोजणीसाठी तयार ठेवलेल्या उत्तरांत तो आकडा नव्हता.

शिष्याने बुवांकडे पाहिलं. बुवांनी त्याला काही सुचवलं नाही. मग त्याने लिहिलं, "मृत्यू एक. कारण, मोजणी." आणि त्याखाली आरोग्यशाळेचं नाही, स्वतःचं नाव घातलं. आक्काने तोंडाला पदर लावला.

उरलेल्या सोळा शाळांना त्याने त्याच दिवशी निरोप धाडला, की कुठल्याही शाळेला कुलूप लागणार नाही, आणि आम्ही कधी येऊ ते सांगणार नाही. आले त्यांना जेवायला घाला, एवढीच तयारी पुरे.

पाचव्या दिवशी ते पुढच्या दरीत उतरले. आरोग्यशाळा अजून दिसत नव्हती, पण वाऱ्यावर आधी काढ्याचा उग्र वास आला, मग कुणाच्यातरी खोकल्याची उबळ, आणि कुणी बाई दुखण्याने कळवळून आख्ख्या गावाच्या नावाने बोटं मोडत असल्याचा आवाज. शिष्य वाटेतच थांबला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं?" बुवांनी विचारलं.

"काही नाही गुरुजी," तो म्हणाला, "जिवंत आहेत." आणि यादीची दुसरी प्रत झोळीतून न काढताच तो पुढे निघाला.