दयाळाचे मौन, सातेरीचा दंश

कृतयुगात, मेघांनी बारा वर्षे पाठ फिरवली असता, तापीतीरी ऋतंभर मुनींच्या आश्रमात एकच मोहवृक्ष हिरवा उरला होता, आणि त्या वृक्षाला ढोलीही एकच होती. तिच्यावर दोघांचा दावा होता: मधुसंचयात निपुण अशा सातेरी मधमाश्यांची राणी, आणि उषेलाही क्षणभर थांबवील अशा कंठाचा कृष्णश्वेत दयाळ पक्षी. राणीला पोळे बांधायचे होते, दयाळाच्या पत्नीला अंडी घालायची होती. जो हरेल त्याचा वंश उन्हात करपणार, हे उघड होते.

मुनी म्हणाले, "उद्या पर्जन्ययज्ञाची समाप्ती. जो अतिथी येईल, त्याची उत्तम सेवा जो करील त्याची ढोली."

दुसऱ्या दिवशी माध्यान्ही एक जटाधारी, तेजःपुंज तपस्वी आला. मधुपर्क, म्हणजे स्वागताचे दही-मध, अर्पण होईपर्यंत अतिथीला नावगाव विचारू नये, हा आश्रमाचा नियम. आणि आमचे ऋतंभर मुनी म्हणजे नियमापुढे स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास न ठेवणारे. दयाळाने तर "हे तपोनिधे, हे करुणासागरा" असे गात सारा आश्रम डोलवला. पाहुणा फुलून गेला. मधाच्या पात्राकाठी बसलेली राणी मात्र त्याचा हात पुढे येताच थबकली.

"मुनिवर, या हातांना रक्ताचा वास येतो."

"अतिथीची परीक्षा घेणे पाप आहे," मुनी म्हणाले.

तो विघस दैत्य होता. कपटरूप टाकून तो यज्ञकुंडावर झेपावला. अग्नी विझता तर मेघ कधीच परतले नसते. तोच राणीची हाक घुमली आणि सातेरींची सेना सुटली. डोळ्यांत, कानांत, ओठांवर डंखच डंख. दैत्य आक्रंदत कोसळला तो पुन्हा उठला नाही. पण रुतलेला डंख न सोडण्याच्या हट्टापायी सहस्रावधी माश्या प्राणांस मुकल्या.

ओशाळलेल्या मुनींनी सारा राग दयाळावर काढला. "दैत्याला करुणासागर म्हणणारा हा कंठ आजपासून मुका होवो."

दयाळाची चोच उघडली, स्वर उमटेना. तेव्हा राणीच पुढे आली. "मुनिवर, फसलात तुम्हीही. फुले उमलल्याचे माझ्या मुलींना पहाटे कोण सांगेल? झाडावर फूल नसेल तेवढेच दिवस याला मौन असू द्या."

मुनींची मान खाली गेली. "तथास्तु. ढोली तुझी. याची अंडी माझ्या कुटीच्या भिंतीत राहतील. आणि तुझ्या मुली यापुढे दंश करूनही जगतील, असा वर घे."

"नको, मुनिवर. डंख फुकटचा झाला, तर त्या कोणालाही डसतील."

म्हणून सातेरी आजही एकदाच डसते. दयाळ माणसाच्या भिंतीत घरटे करतो आणि थंडीभर गप्प राहतो. मग मोह फुलतो. पहाटेची पहिली शीळ त्याची असते, आणि ती ऐकून ढोलीतून पहिली सातेरी बाहेर पडते.