हैबतीचा खांब

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या गावात घडली त्या गावाचं नाव आता कुणाला सांगता येत नाही. तिथल्या सुताराचं नाव मात्र लोक अजून घेतात. त्याचं नाव हैबती.

हैबतीच्या हातात कसब होतं, आणि ते त्याला चांगलंच ठाऊक होतं. त्याने बसवलेल्या सांध्यात मुंगीला वाट मिळत नसे. गावात एखादा माणूस शब्दाला पक्का निघाला, की लोक म्हणत, हा म्हणजे हैबतीचा खांब. हे कानावर पडलं की हैबती ऐकलंच नाही असं दाखवून पुढे जाई. पण मिशीतलं हसू काही लपत नसे.

त्याचा सगळ्यात नावाजलेला खांब पाटलाच्या घरी होता. माजघराच्या मधोमध, अस्सल सागवानी, एका माणसाच्या कवेत न मावणारा. आढ्याचा आणि माळ्याचा सारा भार त्याच्यावर. तीस वर्षांपूर्वी तो उभा केला त्या दिवशी भर पंगतीत हैबती बोलून गेला होता, की या खांबाकडे पुन्हा बघायला नको, याला कुणी हत्यार लावू नका, तुमची पतवंडंसुद्धा याच्याच आधाराने नांदतील. रक्त तरणं होतं, पोटात पुरणपोळी होती, तेव्हा जीभ जरा सैल सुटली.

गावाने ते फारच मनावर घेतलं. आधी लोक खांबाला हात लावीनासे झाले, मग हात जोडू लागले. पाटलीणबाई दर सोमवारी त्याच्या बुडाशी तांब्याभर पाणी घालीत आणि हळदकुंकू वाहात. दर पाडव्याला बुडाभोवती नवं वस्त्र गुंडाळीत, जुनं न सोडता. पाटलाच्या घरी होतं ते आपल्याकडेही हवंच, म्हणून घरोघरी हाच रिवाज पडला. खांब वाजवून बघणं म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्याला चापट मारण्यासारखं, असं लोक मानू लागले. माणसांचं प्रेम कधीकधी असं बिनडोक असतं, त्याला काय करणार?

अशी तीस वर्षं गेली. पाटलाची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. पाळणा टांगायचा तो माजघरातच, खांबावरच्या आडव्या तुळईला. कडी ठोकायला दुसऱ्या कुणाला बोलावणार? सकाळीच हैबतीला निरोप गेला.

हैबती धुतलेलं मुंडासं बांधून आला. परसात घुगऱ्या शिजत होत्या. माळ्यावर नव्या जोंधळ्याची पोती छतापर्यंत रचली होती. हैबतीने शिडी लावली आणि तुळईत कडी ठोकायला घेतली. तिसऱ्या ठोक्याला त्याचा हात थांबला.

ठोका तुळईवर पडत होता, पण खालून खांबातून जो आवाज येत होता तो सागाचा नव्हता. रिकाम्या कणगीवर थाप मारावी तसा होता. हैबती सावकाश खाली उतरला. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याने खांबावर बोटाची पेरं आपटली. छातीच्या उंचीला आवाज खणखणीत आला, गुडघ्याच्या उंचीला भद्द.

आता खरं सांगायचं तर हैबतीच्या मनात आधी पाळणा आला नाही. आधी आलं ते स्वतःचं नाव. आज हा खांब पोकळ आहे असं म्हटलं, तर उद्यापासून गावात हैबतीच्या खांबाला काय अर्थ उरणार? तीस वर्षं उभा आहे, एक दुपार उभा राहणार नाही का? बारसं उरकू द्यावं, मग काहीतरी निमित्त काढून यावं आणि गुपचूप दुरुस्त करून टाकावं. कुणाला कळणारही नाही.

त्याने पुन्हा वर पाहिलं. पोत्यांच्या भाराने माळ्याच्या फळ्या वाकल्या होत्या. खाली पाळण्याची जागा शेणाने सारवून घेतली होती आणि तिच्यावर रांगोळी काढायला सुरुवात झाली होती. त्या रांगोळीकडे पाहिल्यावर हैबतीला स्वतःची लाज वाटली. त्याने कडी उपसून खिशात टाकली आणि पाटलाला बाजूला न घेता, सगळ्यांसमोरच सांगितलं.

"पाटील, ह्यो खांब बुडातनं गेलाय. इथं पाळणा बांधू नका. माणसं भाईर काढा."

पाटील आधी हसले, मग चिडले. बारशाच्या दिवशी असलं अभद्र बोलणं त्यांना अजिबात आवडलं नाही. म्हातारपणी कान गेले असतील तुझे, म्हणाले. शिवाय याला हत्यार लावू नका हे तूच पंगतीत सांगितलं होतंस, ते आम्ही आजवर पाळलं, अशी आठवणही त्यांनी करून दिली.

हैबती म्हणाला, "तवा म्या फुशारकी मारली, पाटील. आन् निस्ती फुशारकीच न्हाई. खांबाखाली दगडी तळखडा बसवाया पायजे हुता. पाथरवटाकडनं तो आला न्हवता आन् मुहूर्त दाराशी हुता. म्या म्हणलं, आपल्या सागाला दगड कशाला? तसाच मातीत रवला. चूक माजी हाय."

तीस वर्षं जपलेलं नाव माणसाने असं स्वतःच्या हाताने खाली ठेवलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून पाटलाची लेक बाळाला पदराखाली घेऊन बाहेर आली. ओली बाळंतीण, उंबऱ्याबाहेर जायला मनाई असलेली. ती कुणाला न विचारता सरळ अंगणात चिंचेखाली जाऊन बसली आणि तिथूनच म्हणाली, "आबा, माझ्या लेकीचं बारसं हितं व्हईल. हैबतीकाका, तुमी खांब उघडून दावा."

लेक बाहेर बसल्यावर पाटील तरी आत कसे उभे राहणार? हैबतीने बुडाची वस्त्रं सोडायला घेतली. वरची कोरडी होती, आतली दमट निघू लागली, आणि सगळ्यात आतली तर मातीसारखी हातात आली. तिच्यासोबत मूठभर पांढरी वाळवी जमिनीवर पडली. हैबतीने लाकूड तासायची पटाशी खांबाला लावली आणि नुसत्या तळव्याने दाबली. ती मुठीपर्यंत आत गेली.

पाटलीणबाईंनी तोंडावर पदर घेतला. आपणच पाणी घालून घालून आपल्या घराचा पाय कुजवला, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

मग मात्र सगळे कामाला लागले. हैबतीने दरडावून सांगितलं, की आधी भार कमी करायचा, मग आधार द्यायचा आणि खांबाला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. बाप्यांनी रांग करून माळ्यावरची पोती अंगणात उतरवली. तुळईच्या दोन्ही अंगांना जाड बल्ल्यांचे टेकू उभे केले, त्यांच्याखाली फळ्या दिल्या आणि पाचरी मारून ते घट्ट केले. बाहेर चिंचेच्या फांदीला पाळणा बांधला गेला आणि बायकांनी गाणं धरलं.

गाणं अजून चालूच होतं, तेव्हा घरातून मोठा कचकन आवाज आला. कुजलेलं बूड आपोआप चिरडलं आणि खांब चार बोटं खाली बसला. तुळई थरथरली, पण टेकूंनी तिला पेललं. छपरावरून पाचसहा कौलं निसटली आणि माळ्याच्या सरकलेल्या फळ्यांमधून खाली येऊन बरोबर त्या अर्ध्या रांगोळीवर फुटली.

पाटलांनी आत जाऊन त्या खापऱ्या पाहिल्या. मग अंगणात येऊन त्यांनी सगळ्या गावासमोर हैबतीच्या पायाला हात लावला. हैबती ओशाळून मागे सरकला. त्याला वाटत होतं, आपण आज फक्त एक चूक कबूल केली, त्यात पाया पडण्यासारखं काय आहे?

आठ दिवस काम चाललं. हैबतीने खांबाचं कुजलेलं बूड कापून काढलं, खाली घडीव दगडाचा तळखडा बसवला, आणि सुक्या सागाचा नवा पाय जुन्या खांबाला असा जोडला की सांधा शोधावा लागे. घराभोवती उताराची चर खणली, म्हणजे पावसाचं पाणी भिंतीशी थांबणार नाही. पाटलीणबाईंना त्याने विनवलं, की आता पाणी तुळशीला घाला, खांबाला कोरडंच राहू द्या. शेवटी त्याने खांब वाजवून बघण्यासाठी एक लाकडी मोगरी घडवली आणि खांबाशेजारी खुंटीला टांगून ठेवली.

नवव्या दिवशी हैबती घरीच बसून राहिला. आता आपल्याला काम कोण देणार, असं त्याच्या मनात होतं. दार उघडून पाहतो तर अंगणात सारं गाव उभं. प्रत्येकाला एकच हवं होतं, की हैबतीने येऊन आमचा खांब वाजवून बघावा. त्या पावसाळ्याआधी त्याने गावातलं एकूण एक घर तपासलं. अकरा खांबांची बुडं गेलेली निघाली. त्यातले सात त्याचे स्वतःचे होते, आणि तेही त्याने मोठ्याने सांगितलं.

तेव्हापासून त्या गावाचा रिवाज बदलला. पाडव्याच्या सकाळी गुढी उभारण्याआधी घरोघरी मोगरी निघे. खांब वाजवायचे, कौलं उचलून वासे बघायचे, चरीतला गाळ काढायचा, मग गोडधोड. आणि हैबतीचा खांब म्हणजे काय असं कुणा मुलाने विचारलं, तर मोठी माणसं ताठ मानेने सांगत, कुणीही वाजवून बघितलं तरी जो भीत नाही तो.

हैबती खूप म्हातारा झाला. एका पाडव्याला तो आपल्या ओट्यावर बसून भाकरी खात होता. गावभर मोगऱ्यांचे ठोके पडत होते, घराघरातला साग खणखणीत उत्तर देत होता, आणि म्हाताऱ्याची छाती अभिमानाने भरून आली होती. एवढ्यात वेशीकडच्या एका घरातला ठोका त्याच्या कानाला खटकला. त्याने उरलेली भाकरी फडक्यात बांधली, पटाशी उचलली आणि तो चालू लागला.

तात्पर्य : घर एकदा बांधून कधीच पुरं होत नाही, जो दरसाल ते तपासतो आणि आपली चूक लपवत नाही, त्याचंच घर उभं राहतं आणि नावही.