रांजणातले गुरुजी

खैरबनात एक वाघ राज्य करायचा. निवडणुका वेळेवर व्हायच्या आणि वाघही वेळेवर निवडून यायचा. तिथल्या शाळेवर नारोबा गुरुजी होते. जन्माने बोकड, पेशाने तत्त्वज्ञ.

गुरुजींचा जीव डायोजिनीस नावाच्या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञावर जडला होता. हा गृहस्थ म्हणे रांजणात राहायचा. भर दिवसा कंदील घेऊन खरा माणूस शोधत हिंडायचा. जग जिंकायला निघालेला राजा त्याला म्हणाला, "काय हवं ते माग." हा म्हणाला, "बाजूला हो, ऊन अडतंय." हे शिकवताना गुरुजींची दाढी थरथरायची. करडं टाळ्या पिटायची. वाघ तिथून बराच लांब असायचा.

एका साली सरकारी धान्यकोठार रिकामं निघालं. उंदरांनी खाल्लं, असं चौकशीत ठरलं. उंदरांच्या मात्र बरगड्या दिसत होत्या.

"गुरुजी, तुम्हीच जाब विचारा," म्हैस म्हणाली. "तुम्हाला कुणाची भीती नाही."

"यांना?" गुरुजींची बायको भागाबाई शेळी हसली. "घरात पाल निघाली तर मला हाक मारतात."

पण गुरुजींना हुरूप चढला. कोठारातला एक रिकामा रांजण बाहेर काढून ते आत बसले आणि जाहीर केलं, "हिशोब मिळेपर्यंत बाहेर येणार नाही!" शिंगं अडकल्यामुळे तसंही येता येत नव्हतं.

प्रचाराचे दिवस होते. वाघ स्वतः आला. मागे सगळं रान लोटलं. वाघ रांजणापुढे उभा राहिला तसा गुरुजींवर अंधार पडला.

"बोला गुरुजी, काय हवं?"

जन्मभर ज्या क्षणाची तालीम केली तो समोर होता. गुरुजींनी तोंड उघडलं. वाघाच्या मिशा नाकापासून वीतभर अंतरावर होत्या.

"महाराज," ते म्हणाले, "उन्हाचं उभं नका राहू. सावलीत या."

म्हैस खाली मान घालून निघून गेली. रांजण आणखी खोल असता तर बरं, असं गुरुजींना वाटलं.

वाघ खूश झाला. त्याच्या चिटणीस कोल्ह्याने विचारलं, "तुमचा तो ग्रीक खायचा काय?"

"मिळेल ते. कधी काहीच नाही."

"वा! आदर्श नागरिक!"

सभेत वाघ गरजला, "बंधूंनो, ग्रीसचा महापुरुष रिकाम्या पोटी मोठा झाला! माझ्या प्रजेला तो मान का नको? घरटी एक रांजण, मोफत!"

कोठारातले रिकामे रांजण वाटले गेले. प्रत्येकावर वाघाचं चित्र होतं. कंदिलांवर बंदी आली. खरा प्राणी शोधणं म्हणजे असलेल्यांचा अपमान. योजनेचे मुख्य सल्लागार नारोबा गुरुजी.

"आता काय करणार?" रांजण फोडून त्यांना घरी आणल्यावर भागाबाईने विचारलं.

"मतदान गुप्त असतं ना गं?" गुरुजी दार लावून पुटपुटले.

वाघ निवडून आला. विरोधात एकच मत पडलं. ते कुणाचं, हे शोधायला समिती नेमली गेली आणि अध्यक्षपद सर्वांत विश्वासू प्राण्याकडे, म्हणजे गुरुजींकडेच गेलं.

"संशय कुणाचा?" कोल्ह्याने पहिल्याच बैठकीत विचारलं.

गुरुजींनी खिडकीबाहेर पाहिलं. "नदीपलीकडच्या रानातून वाऱ्याने उडून आलं असावं," ते म्हणाले.

अहवाल एकमताने मंजूर झाला. गुरुजींचा सत्कार झाला, शिंगांना हार घातले गेले. पलीकडच्या वाऱ्याचा धोका लक्षात घेऊन पुढची निवडणूक बिनविरोध घ्यायचं ठरलं आहे.