पंपाच्या जिवावर

माणसं अंगणात तुळशीऐवजी तरणतलाव बांधू लागली, त्या काळची ही गोष्ट.

भास्करराव रांगणेकर सहकुटुंब सिमल्याला निघाले. तलावाच्या पंपाला म्हणाले, "बाबा रे, सगळं तुझ्या जिवावर सोडून चाललोय. पाणी फिरवत राहा." पंपाची छाती फुगली. मग भास्करराव नेहमीप्रमाणे फाटकातून परत फिरले, गॅस बघितला, घराचा मेन स्विच बंद केला, कुलूप ओढून पाहिलं आणि गेले.

त्याबरोबर पंपही गप्प पडला. पाणी हिरवं झालं, डास आले, आणि डासांमागून एक बेडूक बायकापोरांसह राहायला आला.

"काय राखणदार, झोपलात?" बेडकाने विचारलं.

"झोपलो नाही, झोपवलंय," पंप पुटपुटला.

महिन्याने मालक परतले. तलाव बघून त्यांचं डोकंच फिरलं. तणतणत त्यांनी मेन स्विच चालू केला आणि पाइपाच्या तोंडाशी वाकून ओरडले, "कामचोरा, एवढा विश्वास टाकला तुझ्यावर! बोल की आता!"

पंप बोलला. सिमल्याची नवी शाल काठापर्यंत हिरवी झाली.

बेडकाने पोरांना मागे ओढलं. "थांबा रे," तो म्हणाला, "महिनाभराचं साठलंय त्याचं."